पापडरावांबरोबर त्रिचीपर्यंत

सर डावं-उजवं कधी म्हणत नसत. तंजावरला त्यांच्या माडीवर मी भाड्याने राहायला गेले, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला खाली कॉफीला बोलावलं आणि म्हणाले, "साखर तुमच्या ईशान्येस आहे." सूर्य कोणत्या खिडकीतून येतोय ते बघून मी अंदाजाने हात पुढे केला, तो लोणच्याच्या बरणीवर पडला.

"ते आग्नेय झालं, अम्मा," सर गंभीरपणे म्हणाले. "पण प्रयत्न चांगला."

चौतीस वर्षं त्यांनी एका शाळेत तमिळमधून भूगोल शिकवला होता. गल्लीत अर्ध्याहून अधिक लोक त्यांचे विद्यार्थी. त्यांच्याकडे कुणी पत्ता विचारला की ते काठीने धुळीत नकाशा काढत, त्यात आधी उत्तर दिशेचा बाण दाखवत आणि मगच रस्ता सांगत. इतका वेळ नसलेला माणूस पुढच्या दुकानात जाऊन विचारी. आणि जगातल्या सगळ्या नद्यांची उगमस्थानं तोंडपाठ असलेले हे सर पश्चिमेला त्रिचीपलीकडे आणि पूर्वेला नागपट्टणमपलीकडे कधी गेलेच नव्हते. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "जग पाहिलं की नकाशा बिघडतो."

मी मूळची साताऱ्याची. एका बियाणे कंपनीच्या कामासाठी तिकडे दोन वर्षं होते. दिवसभर कावेरीच्या कालव्यांकाठच्या गावांतून, भाताच्या बांधांवरून हिंडायचं, मोडकंतोडकं तमिळ बोलायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. फाटकाशी आलं की सरांचं मराठी ऐकू येई. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिथे गेलेले. आमच्याकडे पोथ्यांतच उरलेले शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात असत आणि चाल मात्र सगळी तमिळची. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. स्वयंपाकघराच्या दारावर सामानाची यादी तमिळ अक्षरांत लिहिलेली असे, पण मोठ्याने वाचली की मराठी निघे.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आत कुणीतरी मोठा पाहुणा आला आहे. कारण सर म्हणत होते, "अहो, थोडी कोथिंबीर तरी घ्या. काल रात्रीं जेवलां नाहीत तुम्ही. रागावलां कां?" मी डोकावून पाहिलं. पाहुणा जमिनीवर बसला होता. पांढरा, एका कानावर करडा डाग असलेला ससा.

"हे पापडराव," सरांनी ओळख करून दिली. "माझ्या नातीचे."

नातीचं नाव यामिनी. ती त्रिचीला राहायची तेव्हा तिने हा ससा पाळला. कान पापडासारखे पातळ म्हणून पापड. 'राव' सरांनी लावलं. त्यांच्या घराण्यात सगळ्यांनाच ते लागत असे, मग एकट्याला कशाला वगळा? पुढे जावयाची नोकरी कोल्हापूरला गेली. घर लागेपर्यंत दोन महिने ससा तात्तांकडे, म्हणजे आजोबांकडे, ठेवायचा असं ठरलं. मी तिथे होते तेवढ्यात त्या दोन महिन्यांची दोन वर्षं झाली.

दर रविवारी व्हिडिओ कॉल येई. यामिनी विचारी, "तात्ता, पापडला कधी पाठवणार?" सर म्हणत, "फार ऊन आहे." नाहीतर, "फार पाऊस आहे." आणि दोन्ही नसेल तेव्हा, "सशांचं हृदय फार लहान असतं, राजा. एवढा प्रवास सोसणार नाही." मग त्यांची मुलगी फोन हातात घेई आणि विचारी, "अप्पा, आणि तुम्ही कधी येणार?" यावर सर म्हणत, "आवाज तुटतोय." आवाज कधीच तुटत नसे. मी माडीवरून ऐकलेलं आहे.

गल्ली त्यांना 'मुयल वात्यार' म्हणे, म्हणजे ससेवाले मास्तर. ते रोज सकाळी कालव्याच्या काठावर गवत कापायला जात. कोवळं वेगळं, वाळवायचं वेगळं. गच्चीवर वाळत घातलेलं गवत ते दर तासाने हाताने उलटत आणि तेवढ्यात कुणी शिंकलं तरी रागावत. घरात यायला दोन नियम होते. चपला काढायच्या आणि आवाज खाली ठेवायचा. एकदा वीजमंडळाचा माणूस मीटर बघायला आला, तर त्याला त्यांनी कुजबुजत बोलायला लावलं. तो बिचारा जाईपर्यंत कुजबुजतच होता.

माझी बदली सांगलीला झाल्याचं कळलं, त्या संध्याकाळी मी सरांना सांगायला खाली गेले. ते पापडरावांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "कोल्हापूर सांगलीच्या कोणत्या दिशेस?"

"पश्चिमेला. तासा-दीड तासावर."

"मोटारीनं जाणार तुम्ही?"

माझी जुनी छोटी गाडी होती, आणि सोबत चालवायला तंजावरचाच सेल्वम येणार होता. पन्नाशीचा, शांत माणूस, सरांचा जुना विद्यार्थी. मी होय म्हटलं.

"मग पापडरावांना न्या," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "पोर दोन वर्षं वाट बघते आहे. मी तिला किती थापा मारूं?"

तिथून पुढचा महिना माझी शिकवणी चालली. ससा बारा तास काही न खाता राहिला तर जिवावर बेततं, हे मला त्यांनी दहा वेळा म्हणायला लावलं. उन्हाने तो माणसापेक्षा लवकर जातो. कान गार लागले तर वाईट, फार गरम लागले तरी वाईट. लेंडी टाकली तर देवाला नमस्कार करायचा. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी परीक्षा घेतली आणि शंभरात बासष्ट दिले.

तालीम सशाचीही झाली. भाजीवाल्याकडच्या दोन जाळीदार प्लास्टिकच्या पेट्या त्यांनी एकीवर एक उपडी बांधून घर केलं. आत त्यांची जुनी धुतलेली वेष्टी, म्हणजे धोतर. रोज संध्याकाळी ती पेटी रिक्षात ठेवून मोठ्या देवळाला एक फेरी. दुसऱ्या आठवड्यात तिरुवैयारुपर्यंत, तिसऱ्यात ओरत्तनाडुपर्यंत. रिक्षावाला मला म्हणाला, "वात्यार आयुष्यात इतके फिरले नाहीत, अम्मा." सर पेटीवर हात ठेवून पापडरावांना सांगत असत, "ही वेण्णारू नदी. हा पूल. आतां थोडं हलेल."

पोंगल उरकला, हवा जरा गार होती, तेव्हा निघायचं ठरलं. पहाटे मी सामान घेऊन खाली आले, तर मागच्या सीटवर पेटी होती आणि पेटीच्या शेजारी सर. मांडीवर एक कापडी पिशवी. त्यांच्या पायाशी गवताची दोन पोती आणि तंजावरच्या पाण्याचे तीन कॅन.

"त्रिचीपर्यंत येतों," ते म्हणाले. "कावेरीच्या पुलावर ते घाबरतील. पुढे बसनं परत येईन."

त्रिची आली. स्टँडजवळ सेल्वमने गाडी बाजूला घेतली. सर उतरेनात. पेटीत वाकून बघत म्हणाले, "अजून लेंडी टाकलेली नाही. अशा वेळीं कसं सोडूं? करूरपर्यंत बघूं."

करूरला पापडरावांनी भरपूर लेंड्या टाकल्या आणि गवतही खाल्लं. आता काही सबब उरली नव्हती. आम्ही दोघं आरशातून त्यांच्याकडे बघत राहिलो. सरांनी पेटीतलं गवत सारखं केलं. मग म्हणाले, "इतकं चांगलं चाललं आहे. आतां उतरणं बरं नव्हे."

सेलमला आम्ही विचारलंच नाही.

दुपारी ऊन चढलं की थांबायचं, बाटलीत गोठवलेलं पाणी फडक्यात गुंडाळून पेटीजवळ ठेवायचं, आणि ऊन कललं की निघायचं, असा क्रम होता. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही कर्नाटकच्या हद्दीशी आलो. सरांनी गाडी थांबवायला सांगितली. त्यांना वाटलं असावं की काहीतरी दिसेल. ते उतरले आणि जमिनीकडे बघत चालू लागले. एका चहाच्या टपरीवर तमिळ पाटी होती, पुढच्या टपरीवर कन्नड. दोन्हींच्या मध्ये रस्त्याकडेला पडलेली खडी आणि एक कुत्रं झोपलेलं.

"इथे तुटक रेघ असते," ते म्हणाले. "मी फळ्यावर काढीत असें. रेघ, टिंब, रेघ, टिंब."

मी हसले. ते हसले नाहीत.

"तुम्हांला वाटतं मी हट्टानं कुठे गेलों नाही. तसं नव्हे, अम्मा. भय वाटे. भूगोलाचा मास्तर परगावीं उतरला आणि त्याला वाट विचारावी लागली, तर? आमच्या घरांतली कितीदां म्हणाली, एकदां महाराष्ट्र दाखवा. मी म्हणें, पुढच्या सुटींत. पुढच्या सुटींत. ती गेली, त्यालाही पांच वर्षं झालीं." त्यांनी कुत्र्याला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन उभे राहिले. "इथे कांहीच नाही की हो. नुसती माती."

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती. तुमकूर सोडल्यावर सर एकाएकी बोलायचे थांबले. आदल्या दिवसभर पेटीला त्यांनी प्रत्येक नदी, प्रत्येक डोंगर सांगितला होता. मी वळून बघितलं. पापडराव कोपऱ्यात अंग आखडून बसले होते. डोळे अर्धे मिटलेले. समोरचं गवत तसंच.

"सकाळपासून?" मी विचारलं.

"सकाळीं दोन काड्या खाल्ल्या. मला वाटलं खातील." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "कान गार लागताहेत."

मी तंजावरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जवळ जो गुरांचा दवाखाना असेल तो गाठा, वाट बघू नका. पुढच्या लहानशा गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना सापडला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कन्नड बोलत होत्या, आणि त्यांच्यासमोर दोन म्हशी आणि एक शेळी रांगेत होती. सरांना कन्नड येत नव्हतं. ते पेटी छातीशी धरून तमिळमध्ये बोलले, मग इंग्रजीत, आणि मग भान सुटून मराठीत. "बाई, हे माझे नव्हेत. एका पोरीचे आहेत. मी तिला शब्द दिला आहे." त्या बाईंना शब्द कळले नसतील. पण त्यांनी म्हशीवाल्याला हाताने थांबवलं आणि पेटी आत घेतली.

पोट फुगलं होतं. त्यांनी एक इंजेक्शन दिलं, पोट हलक्या हाताने चोळून दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या की आज गाडी हलवू नका. मोकळ्या जमिनीवर ठेवा, जवळ बसा. खाल्लं तर ठीक.

खाल्लं नाही तर काय, हे आम्ही विचारलं नाही.

दवाखान्यामागे कुंपण घातलेली मोकळी जागा होती. कडुलिंबाची सावली. सरांनी वेष्टी अंथरून पापडरावांना त्यावर ठेवलं आणि स्वतः जमिनीवर पालथे आडवे झाले, त्यांच्या नाकासमोर नाक. बहात्तर वर्षांचा माणूस. मी आणि सेल्वम भिंतीशी बसलो. सर हळू आवाजात बोलत होते, पण दुपार इतकी शांत होती की सगळं ऐकू येत होतं.

"मी खोटं बोललों, पापडराव. तुम्हांला प्रवास सोसत नाही असं नव्हतं. मला तुम्हांला द्यायचं नव्हतं. ती गेली, मुलगी गेली, मग दिवसभर घरांत मराठी बोलायचं तरी कोणाशीं? गल्लींत बोलावं तर लोकांना वाटेल म्हातारा बरळतो. तुम्ही ऐकत होतां. उत्तर देत नव्हतां, तें खरं. पण ऐकत होतां." त्यांनी वेष्टीची सुरकुती सारखी केली. "पोरीची तुमच्यावर माया आहे. दोन वर्षं मी ती माझ्याजवळ दाबून ठेवली. त्याचा राग तुम्ही असा काढूं नका. उठा. माझ्यासाठीं नको, तिच्यासाठीं उठा."

सेल्वमला मराठी येत नाही. तरी तो उठून गाडीकडे गेला आणि उगाचच काच पुसू लागला.

तास गेला, दुसरा गेला. सरांनी तंजावरचं गवत पुढे केलं, तंजावरचं पाणी बोटाने ओठांना लावलं. काही नाही. मग ऊन भिंतीवरून सरकलं, आणि पापडराव हलले. दोन पावलं पुढे आले, वेष्टीच्या कडेवरून खाली उतरले. कुंपणाच्या खांबाशी उगवलेलं एक गवताचं पातं त्यांनी हुंगलं. आणि खायला लागले. एक पातं, मग दुसरं. जबडा चालतानाचा तो बारीक आवाज आम्हाला ऐकू येत होता.

सर तसेच पालथे पडून बघत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांच्या गालाला माती लागलेली होती.

"इथलं खाल्लं," ते म्हणाले. "मी दोन पोतीं आणलीं, आणि त्यांनी इथलं खाल्लं."

संध्याकाळी घरी जाताना डॉक्टरीणबाईंनी त्यांना नमस्कार केला. सरांनी काठीने धुळीत काहीतरी काढून दाखवलं. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "तंजावर कुठे आहे तें सांगितलं. कधीं आल्या तर सांपडावं."

तिसऱ्या दिवशी बेळगाव मागे टाकलं आणि हद्द ओलांडल्यावर एका हॉटेलात थांबलो. पोऱ्या नव्हता, मालकच पाणी घेऊन आला. "काय घेणार, काका?" त्याने विचारलं. सरांनी त्याला तमिळमध्ये उत्तर दिलं. मालक बुचकळ्यात पडला. सरही पडले. आयुष्यभर परका माणूस म्हणजे तमिळ, मराठी म्हणजे घर. मग ते अगदी हळू, कुणी ऐकू नये तसं म्हणाले, "कॉफी."

शेजारच्या टेबलावर दोन ट्रकवाले टायरवरून भांडत होते. एकमेकांची अक्कल काढत होते, बाप काढत होते. सर कॉफी गार होईपर्यंत ऐकत बसले. "अम्मा," ते मला म्हणाले, "हे मराठींत भांडताहेत. उघड्यावर. कोणालाच त्याचं कांही वाटत नाही."

कोल्हापूरला त्यांच्या मुलीने दार उघडलं. तिला फक्त माझी आणि सशाची कल्पना होती. मागे पेटी घेऊन उभ्या असलेल्या वडिलांना बघून तिने दाराची चौकट धरली.

"अप्पा? तुम्ही?"

"त्रिचीला उतरायचं राहिलं," सर म्हणाले.

त्यांच्या हातातली पेटी घ्यायची सोडून ती त्यांच्या खांद्यालाच धरून उभी राहिली. तेवढ्यात आतून यामिनी धावत आली. अकरा वर्षांची, दोन वेण्या, शाळेच्या गणवेशातच. पेटी उघडली. पापडराव बाहेर आले, तिच्याकडे बघितलंही नाही, आणि सरळ पलंगाखाली गेले. तिने हाक मारली, गाजर दाखवलं, हात घातला. ते आणखी आत सरकले. पोरीचा चेहरा उतरला.

"तात्ता, त्यो माझ्याकडं येईनाच की! वळखत न्हाई मला."

इतक्या गडबडीतही सर माझ्याकडे वळले. "ऐकलंत? येईनाच की." आणि मग नातीला म्हणाले, "हाक मारूं नये. बोलवायचं नसतं त्यांना. पाठ करून बैस खालीं, आणि आपलं काम कर. दोन वर्षांचा वेळ झाला आहे, तर दोन तास तरी त्यांना दे."

तिने पलंगाला पाठ लावून गृहपाठ काढला. सर तिच्या शेजारी बसले. मी चहा घेतला, हातपाय धुतले, निघायची तयारी केली. जरा वेळाने यामिनी एकदम ताठ झाली आणि श्वास रोखून बसली. पापडराव बाहेर आले होते आणि तिच्या वेणीची लाल रिबीन चघळत होते. ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी पुसायलासुद्धा हात उचलला नाही.

सर म्हणाले होते, आठ दिवस राहीन. मी महिन्याने सांगलीहून गेले तेव्हा ते तिथेच होते. रोज कोथिंबीर आणायला मंडईत जात आणि दोन-दोन तास येत नसत. मुलगी शोधायला गेली तर भाजीवालीशेजारी पोत्यावर बसलेले. भाजीवाली त्यांना 'तंजावरचे आबा' म्हणू लागली होती. तिच्या बोलण्यातले काही शब्द त्यांना कळत नव्हते आणि त्यांचे काही तिला, तरी दोघांचं झकास चाललं होतं. यामिनीने त्यांना देवनागरी शिकवायला घेतली. 'ळ' त्यांना चटकन जमला, 'झ' ने फार त्रास दिला. पहिल्या परीक्षेत तिने त्यांना शंभरात साठ दिले. पुढे ते एकटे रेल्वेने तंजावरला जाऊन आले, घराला चुना मारून घेतला, माडी एका शिक्षिकेला दिली आणि परत कोल्हापूरला आले. वाटेत दोनदा गाडी बदलायची होती. "चार जणांना विचारलं," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "चौघांनीही नीट सांगितलं."

गेल्या मार्गशीर्षात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे जोराचा वारा होता.

"अम्मा, रत्नागिरीस आलों आहे. मुलगी, जावई, यामिनी, सगळे."

"आणि पापडराव?"

"घरीं. शेजारीण बघते. त्यांचं काय, ते तिच्या हातचं जेवतात." मग म्हणाले, "आमच्याकडे सूर्य समुद्रांतून वर येतो. इथे आंत जातो. चौतीस वर्षं मुलांना सांगितलं, पुस्तकांत होतं म्हणून. आतां बोटभर उरला आहे."

लांबून यामिनी ओरडत होती, "तात्ता, बघा, बघा की!"

"ठेवतों," सर म्हणाले. फोन बंद करायचं मात्र ते विसरले. पुढची दोन-तीन मिनिटं मी वारा, लाटा आणि त्या सगळ्यांचं गप्प राहणं ऐकत होते.